लस नाकारणे हा खरोखर खाजगी निर्णय असतो का?

दीपमाळ

प्रशांत महासागरातील सामोआ हा जेमतेम दोन लाख लोकवस्तीचा बेटांचा देश आहे. जुलै २०१८मध्ये तिथे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस टोचल्यावर दोन बाळे दगावली. चौकशीत उघड झाले की लसीत काहीच दोष नव्हता. लसीची भुकटी ज्या निर्जंतुक पाण्यात कालवायची असते, त्या पाण्याऐवजी भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरले जाणारे, तेही मुदत उलटून गेलेले औषध तिच्यात मिसळले गेले होते. दोन परिचारिकांना पाच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. मात्र हे सारे न्यायालयात सिद्ध होईपर्यंत वर्ष उलटले होते, मधले सुमारे दहा महिने सरकारने ही लस देणेच थांबवले होते, आणि ‘लसीने मुले मेली’ एवढेच घरोघरी पोचले होते. आधीच घसरणीला लागलेले लसीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३१ टक्क्यांपर्यंत खाली आले.

ऑक्टोबर २०१९मध्ये तिथे गोवराची साथ जाहीर झाली. पुढल्या काही महिन्यांत ५,७००हून अधिक लोकांना लागण झाली आणि ८३ जण मरण पावले. त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. हा आकडा लहान वाटत असेल तर तो लोकसंख्येशी ताडून पाहावा. दहा कोटींच्या देशात त्याच प्रमाणात मृत्यू झाले असते, तर ती संख्या ४१,५०० भरली असती. डिसेंबरच्या ५ आणि ६ तारखेला सरकारने बहुतेक सारे व्यवहार बंद ठेवले आणि ज्या घरात कुणी लस न घेतलेले असेल त्या घरासमोर लाल कापड टांगायला सांगितले. लस देणारी पथके ते कापड पाहून दारोदार गेली, लसीकरण ९५ टक्क्यांच्या आसपास पोचले आणि साथ ओसरली. वर्षभर आधी हेच काम शांतपणे झाले असते तर ती मुले आज शाळेत असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मी अनेक वर्षे लसीकरणाच्या कामात आहे आणि नकार देणाऱ्या किंवा ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणणाऱ्या आई-वडिलांशी बोलण्यात माझ्या कामाचा मोठा भाग गेला आहे. ठाम विरोध करणारे फार थोडे असतात. बहुतेक जण अडखळलेले असतात, आणि अडखळण्याची कारणे निरनिराळी असतात: कुणी काही वाचलेले असते, कुणाला मागच्या खेपेला वाईट वागणूक मिळालेली असते, कुणाचा दिवसाचा रोजगार बुडणार असतो. पुष्कळांनी तर तो आजारच कधी पाहिलेला नसतो. देवीचा नैसर्गिक संसर्गाने झालेला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात आढळला आणि १९८०मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज देवीचे व्रण असलेला चेहरा तरुण आई-वडिलांच्या पाहण्यात नाही. घटसर्पाने गळा धरलेले मूल, डांग्या खोकल्याने काळेनिळे पडलेले तान्हे बाळ, हेही त्यांनी पाहिलेले नाही. लसीमुळे वाचलेले मूल कोणते हे दाखवता येत नाही. लसीनंतर तापाने फणफणलेले मूल मात्र मांडीवर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार १९७४पासूनच्या पन्नास वर्षांत लसींमुळे सुमारे १५ कोटी ४० लाख जीव वाचले, पण त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला सांगता येणार नाही.

सामोआतल्या आई-वडिलांना मी दोष देत नाही. दोन बाळे डोळ्यांदेखत गेल्यावर कुणीही कचरले असते. पण त्या कचरण्याची किंमत बव्हंशी अशा मुलांनी मोजली, ज्यांना कुणी काही विचारलेच नव्हते. म्हणून इथे दोन प्रश्न मांडतो. लस नाकारणे हा त्या कुटुंबापुरता निर्णय मानता येतो का? आणि मानता येत नसेल, तर नकार देणाऱ्यांशी समाजाने कसे वागावे?

ओंजळ

मी आपल्याच वर्णनातली अडखळलेली आई आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या मोठ्या मुलाला गोवराची लस दिल्यावर नवव्या दिवशी सडकून ताप आला आणि आकडी आली. दोन मिनिटांचा तो प्रसंग मी आयुष्यभर विसरणार नाही. रुग्णालयात मी विचारले की हे लसीमुळे झाले असेल का. उत्तर मिळाले, ‘लसीचा याच्याशी काहीही संबंध नाही, इंटरनेटवरचे वाचू नका.’ मी काहीही वाचलेले नव्हते. मी फक्त तारखा मोजल्या होत्या. त्यानंतर मी खरोखरच वाचू लागले, आणि ज्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले ते सगळे लसविरोधी गटांतले लोक होते.

माझी धाकटी मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि तिला ही लस दिलेली नाही. माझा प्रश्न भांडणासाठी नाही, तो मला खरोखर पडलेला आहे. लस जर काम करत असेल, तर ज्यांनी ती घेतली आहे त्यांना माझ्या मुलीपासून भीती का वाटावी? आणि साथीच्या बातम्यांत लस घेतलेले रुग्णही असतात, त्याचा अर्थ काय लावायचा?

शून्यलब्धी

ओंजळ, आपले दोन्ही प्रश्न मुळात गणिताचे आहेत, म्हणून मी आकडेमोडीपुरते लिहितो.

गोवर हा माणसाला ठाऊक असलेल्या सर्वाधिक संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एका रुग्णापासून सरासरी १२ ते १८ जणांना लागण होते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या दर दहा निकटवर्तीयांपैकी नऊ जणांना तो गाठतो. आता हिशेबासाठी १५ हा आकडा धरू. एका रुग्णाच्या सहवासात येणाऱ्या अशा १५ जणांपैकी १४ जणांना आधीच प्रतिकारशक्ती असेल, तर आजार सरासरी एकालाच पुढे जातो आणि साथ वाढत नाही. पंधरात चौदा म्हणजे सुमारे ९३ टक्के. गोवरासाठी ९५ टक्के लसीकरण का हवे असते, त्याचे मूळ इथे आहे. हा उंबरठा गाठला गेला की ज्यांना लस देता येत नाही किंवा दिलेली लागू पडली नाही, त्यांच्यापर्यंत विषाणू पोचण्याची वाटच उरत नाही. यालाच समूह प्रतिकारशक्ती म्हणतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक काल्पनिक शाळा घेऊ. हजार मुले आहेत, त्यांतल्या ९५० जणांनी दोन मात्रा घेतल्या आहेत, ५० जणांनी एकही नाही. दोन मात्रांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळते, म्हणजे त्या ९५०पैकी २८ जणांना ती लागू पडलेली नाही असे धरू. गोवर शाळेत शिरला आणि सगळ्यांपर्यंत पोचला, तर लस न घेतलेल्यांपैकी सुमारे ४५ आणि घेतलेल्यांपैकी सुमारे २५ मुले आजारी पडतील. बातमी येईल की दर तीन रुग्णांतल्या एकापेक्षा जास्त रुग्णांनी लस घेतली होती. ती बातमी खोटी नसेल, पण ५०पैकी ४५ आणि ९५०पैकी २५ हे शेजारी मांडून पाहिल्यावर धोक्यातला चौतीसपटीचा फरक दिसतो.

आणखी एक गोष्ट सरासरीत लपते. नकार सारखा पसरलेला नसतो, तो गल्लीगल्लीत, नात्यागोत्यात, एकेका समाजात साचतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सोमाली वंशाच्या मुलांमध्ये या लसीचे प्रमाण २००४मध्ये ९२ टक्के होते. त्या समाजात या लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते अशी खोटी भीती पद्धतशीरपणे पेरली गेली आणि २०१४पर्यंत ते ४२ टक्क्यांवर आले. २०१७ साली तिथे ७५ जणांना गोवर झाला, आणि रुग्णांत बहुसंख्य त्याच समाजातली लस न घेतलेली मुले होती. राज्याची सरासरी पाहणाऱ्याला हे आधी कळले नसते.

वडपिंपळ

शून्यलब्धी यांच्या गणितातली २८ मुले आणि ‘ज्यांना लस देता येत नाही’ ती मुले यांच्यापैकी एक माझ्या घरात आहे.

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. केमोथेरपी चालू असताना गोवरासारखी जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस देता येत नाही, आणि आधी घेतलेल्या लसीचे संरक्षणही उपचारांमुळे कमी होऊ शकते. उपचारांच्या दुसऱ्या वर्षी, ती अधूनमधून शाळेत जाऊ लागली होती तेव्हा, तिच्या वर्गातल्या एका मुलाला गोवर झाल्याचा फोन आला. त्या मुलाला लस दिलेली नव्हती. अशा वेळी सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) इंजेक्शन द्यावे लागते; ते आम्ही दुसऱ्याच दिवशी दिले. पण त्या इंजेक्शनमुळे आजार उशिरा डोके वर काढू शकतो, म्हणून पुढचे चार आठवडे आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ तिचा ताप पाहत होतो आणि तोंडाच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके दिसतात का ते विजेरीने तपासत होतो. तिला गोवर झाला नाही. आज ती बरी आहे.

त्या मुलाच्या आईवर मी तेव्हा मनातून अतिशय चिडलो होतो. नंतर एकदा त्यांची भेट झाली. आपल्या निर्णयाचा माझ्या मुलीशी काही संबंध येऊ शकतो ही कल्पनाच त्यांना नव्हती, कुणी त्यांना तसे सांगितलेही नव्हते. सगळे त्यांना त्यांच्याच मुलाच्या भल्यासाठी समजावत राहिले. ओंजळ, मी आपल्यावर रागावून हे लिहीत नाही. पण हा निर्णय केवळ खाजगी आहे असे कुणी म्हटले की मला ते चार आठवडे आठवतात, आणि ते मान्य करता येत नाही.

जुने दप्तर

धागा महत्त्वाचा आहे. मात्र अशा चर्चांमध्ये नकाराचे खापर लवकरच अज्ञानावर फोडले जाते, म्हणून इतिहासातली काही पाने इथे उलगडतो.

१९०२मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी बनवलेली प्लेगची लस टोचल्यावर १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सगळे एकाच बाटलीतून लस दिलेले लोक होते. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असा ठपका आधी ठेवला गेला, पण ती गावात उघडताना दूषित झाली असावी हे पुढे स्पष्ट झाले आणि १९०७मध्ये ते दोषमुक्त ठरले. त्या पाच वर्षांत लोकांच्या मनावर काय ठसले असेल, याची कल्पना सामोआवरून येते.

नायजेरियातील कानो राज्याने २००३ साली पोलिओची लस थांबवली. लसीने वंध्यत्व येते अशी वदंता होती, आणि ती खोटीच होती. पण तिला धग कुठून मिळाली? १९९६मध्ये त्याच कानोमध्ये मेंदुज्वराच्या साथीत एका परदेशी औषध कंपनीने मुलांवर नव्या औषधाची चाचणी केली होती; आई-वडिलांची संमती नीट घेतली गेली नव्हती असे आरोप झाले आणि प्रकरण न्यायालयांत गेले. ज्यांनी हे पाहिले होते, त्यांना बाहेरून आलेल्या थेंबांविषयी शंका येणे अस्वाभाविक नव्हते. तिथले लसीकरण पुन्हा सुरू व्हायला सुमारे अकरा महिने लागले. तोवर नायजेरियातून निघालेला विषाणू पुढे पुढे सरकत राहिला आणि पोलिओमुक्त झालेल्या सुमारे वीस देशांत पुन्हा पोचला. त्यांत थेट इंडोनेशियाही होता.

पाकिस्तानचे उदाहरण मला सर्वांत अक्षम्य वाटते. २०११मध्ये अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकी गुप्तहेर संस्थेने हेपटायटिस बीच्या लसीकरणाचा बनाव रचला. लस देणारे लोक हेर असू शकतात, ही जी अफवा होती ती एका सरकारने स्वतःच्या हाताने खरी करून दाखवली. त्यानंतर तिथे पोलिओचे थेंब पाजणाऱ्या कार्यकर्त्यांच्या, त्यांतही स्त्रियांच्या, हत्या होत राहिल्या. नैसर्गिक पोलिओ आज ज्या दोन देशांत उरला आहे त्यांत पाकिस्तान आहे. एका गुप्त मोहिमेची किंमत कुणी आणि किती वर्षे मोजायची?

कसोटी

जुने दप्तर यांच्याशी मी सहमत आहे; पण काही अविश्वास खऱ्या अन्यायातून येतो आणि काही सरळसरळ विकला जातो, हा फरकही नोंदवला पाहिजे. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा, गोवराच्या या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ सालचा लेख हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. त्याआधीच वेकफिल्ड यांना लसउत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून पैसे मिळत होते आणि गोवराच्या एका पर्यायी लसीसाठी त्यांच्या नावे पेटंटचा अर्जही होता, हे पत्रकार ब्रायन डीअर यांनी पुढे उघडकीला आणले. मुलांच्या नोंदी आणि लेखातील वर्णन यांत तफावत निघाली. २००४मध्ये बहुतेक सहलेखकांनी लेखाच्या निष्कर्षातून अंग काढून घेतले, २०१०मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवाना गेला.

डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा माग ठेवून केलेला अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणात वाढ आढळली नाही, आणि ज्यांच्या भावंडांना स्वमग्नता होती अशा मुलांतही आढळली नाही. बारा मुलांवरून पसरलेली भीती पुसायला साडेसहा लाख मुलांचा अभ्यासही पुरा पडत नाही. स्वमग्न मुलांच्या पालकांचेही यात मोठे नुकसान झाले, याकडे फारसे कुणी पाहत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते त्याच प्रश्नावर वर्षानुवर्षे संशोधकांचा वेळ आणि पैसा खर्च होत राहिला, आणि आपणच लस देऊन मुलाचे असे केले, हे ओझे अनेक आयांनी विनाकारण वाहिले.

तळटीप

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, हे वडपिंपळ यांच्या प्रतिसादानंतर मीही मान्य करतो. पण तेवढ्यावरून सक्ती योग्य ठरत नाही. इंग्लंडने १८५३च्या कायद्याने तान्ह्या बाळांना देवीची लस सक्तीची केली आणि न देणाऱ्यांना दंड ठोठावला. दंडाचा भार गरिबांवर पडला, कारण श्रीमंतांना तो भरणे जड नव्हते. विरोध इतका पेटला की १८८५मध्ये लेस्टर शहरात हजारोंचा प्रचंड मोर्चा निघाला, आणि अखेर १८९८च्या कायद्यात सद्सद्विवेकबुद्धीच्या आधारे सूट मागण्याची तरतूद करावी लागली. सक्तीने लसविरोध संघटित केला, असा त्याचा अर्थ मी लावतो.

अलीकडची उदाहरणे संमिश्र आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. फ्रान्सने २०१८पासून लहान मुलांसाठीच्या सक्तीच्या लसी तीनवरून अकरा केल्या आणि तिथे लसीकरण वाढले. जर्मनीने २०२०पासून शाळा-पाळणाघरांसाठी गोवराची लस अनिवार्य केली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही एप्रिल २०२१मध्ये चेक प्रजासत्ताकातील सक्तीच्या बाजूने निर्णय दिला. तरीही शाळेचे दार बंद करून शिक्षा होते ती मुलाला, ज्याने निर्णय घेतलेलाच नसतो. शिवाय मूळ धाग्यात ज्यांचा रोजगार बुडतो असे पालक आहेत, त्यांना कायदा नको, रविवारी उघडे असणारे केंद्र हवे आहे.

पायवाट

पोलिओच्या फेऱ्यांमध्ये मी काही वर्षे काम केले, त्यातून एवढेच सांगतो. ज्या घरातले एखादे मूल थेंबांवाचून राहिले असेल त्या घराच्या भिंतीवर इंग्रजी ‘एक्स’ची खूण करायची पद्धत होती. आमच्या वरिष्ठांचे सुरुवातीला खुणा मोजण्याकडेच लक्ष असे. पण त्या घरांतून आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जाई: ‘आमचे मूल जुलाबाने मरते तेव्हा कुणी फिरकत नाही, मग या दोन थेंबांसाठीच दर महिन्याला दार का ठोठावता?’ याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात आणि बिहारमध्ये पुढे जे बदलले, त्यात या प्रश्नाचा मोठा वाटा आहे. त्याच मोहल्ल्यातल्या स्त्रियांना घरोघरी बोलण्यासाठी नेमले गेले, मौलवी, शिक्षक आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठासारख्या संस्था सोबत घेतल्या गेल्या, आणि सर्वाधिक धोक्याच्या १०७ विकासगटांत थेंबांबरोबरच स्वच्छता, जुलाबावरचे उपचार आणि स्तनपान यांवरही काम सुरू झाले. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. तोपर्यंत ज्यांनी आमच्यासमोर दार लावून घेतले होते, त्यांपैकी अनेक जण शेजाऱ्यांना बोलावून आणू लागले होते.

दीपमाळ

सर्वांचे आभार मानण्याआधी मला ओंजळ यांना उत्तर द्यायचे आहे.

आपल्याला रुग्णालयात जे सांगितले गेले ते चूक होते. गोवराच्या लसीनंतर साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान ताप येऊ शकतो आणि दर तीन-चार हजार मात्रांमागे एका मुलाला त्या तापात आकडी येते, हे आम्हा सर्वांना शिकवलेले असते. आपण मोजलेला नववा दिवस बरोबर त्याच काळात बसतो, त्यामुळे आपली शंका रास्त होती आणि ती बहुधा खरीही होती. त्या वेळी कुणी हे मान्य केले असते, आणि सोबत हेही सांगितले असते की अशी आकडी भीतिदायक असली तरी मुलाच्या मेंदूला कायमची इजा करत नाही, तर आपल्याला दुसरीकडे जावे लागले नसते. या कामातला एक माणूस म्हणून मी आपली क्षमा मागतो.

लसींचे दुष्परिणाम लपवण्याची आम्हाला गरजच नाही, कारण ते शोधून काढणारी व्यवस्थाही आमचीच आहे. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरची पहिली लस अमेरिकेत १९९९मध्ये मागे घेतली गेली, कारण दर दहा हजार बाळांमागे एखाद्याला आतड्यात आतडे अडकण्याचा त्रास होतो असे नोंदींतून दिसले. १९५५मध्ये पोलिओच्या लसीचे काही साठे सदोष निघाले, त्यांत जिवंत विषाणू राहून गेला होता, मुले पांगळी झाली आणि दहा जण दगावले. त्यानंतर लसनिर्मितीवरची देखरेख पूर्वीपेक्षा कितीतरी कडक झाली. ही प्रकरणे आम्ही स्वतःहून सांगायला हवीत. ती दुसऱ्याकडून कळली की आम्ही सांगितलेले बाकी सारेही संशयास्पद ठरते.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही तेवढ्याच प्रामाणिकपणे वजन टाकले पाहिजे. गोवर झालेल्या दर हजार मुलांमागे सुमारे एकाच्या मेंदूला सूज येते. गोवरानंतर शरीराची जुनी प्रतिपिंडेही नाहीशी होतात: २०१९च्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवराने पुसून टाकल्याचे दिसले, म्हणजे आधी होऊन गेलेल्या इतर आजारांविरुद्धची कमावलेली शक्तीही जाते. आणि क्वचित, पुरळ विसरून गेल्यावर सात-दहा वर्षांनी, मेंदूत दबा धरून राहिलेला विषाणू जागा होतो. चांगले शिकणारे मूल अडखळू लागते, पडू लागते, आणि मग त्याला वाचवता येत नाही. हे भोग सर्वाधिक त्यांच्या वाट्याला येतात ज्यांना एक वर्षाच्या आतच गोवर झाला होता, म्हणजे जी बाळे लस घेण्याच्या वयाचीच नव्हती किंवा नुकती झाली होती.

तळटीप यांच्या मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. जपानने १९७५मध्ये, लसीनंतर दोन बाळांचा मृत्यू झाल्यावर, डांग्या खोकल्याची लस थांबवली. १९७४मध्ये तिथे या आजाराचे ३९३ रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९मध्ये रुग्ण १३,०००वर गेले आणि ४१ जण दगावले. २०१३मध्ये त्याच देशाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीची सक्रिय शिफारस थांबवली आणि मुलींमधले लसीकरण सुमारे ७० टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली गेले. शिफारस पूर्ववत व्हायला २०२२ उजाडले. दुसऱ्या वेळी तर लस घ्यायला कुणी बंदीही केली नव्हती. शासन गप्प बसले किंवा मागे सरले, एवढे पुरेसे झाले. सक्तीचे दुष्परिणाम आपण मांडलेत ते खरे आहेत, पण कचखाऊ शासनाचेही बळी असतात. सुट्टीच्या दिवशी उघडे केंद्र, प्रश्न विचारणाऱ्याला पुरेसा वेळ आणि खऱ्या दुष्परिणामात नुकसानभरपाई, एवढे केल्यानंतरच शासनाला शाळेच्या दारात प्रमाणपत्र मागण्याचा नैतिक अधिकार मिळतो, असे मला वाटते.

ओंजळ

आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला, मग यजमानांनाही वाचायला दिला. मोठ्याच्या आकडीला चार वर्षे झाली, आणि ‘तुमची शंका रास्त होती’ हे वाक्य मला पहिल्यांदाच कुणी म्हटले.

वडपिंपळ, आपल्या मुलीविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तिला माझे आशीर्वाद सांगा.

धाकटीला गोवराची लस द्यायची असे आम्ही ठरवले आहे. इतर काही लसींबद्दल माझ्या मनात अजून शंका आहेत आणि त्यांवर मी इतक्यात होकार देत नाही, तो वेगळा विषय आहे. आत्ता फक्त हे विचारायचे आहे की तीन वर्षे उलटून गेल्यावर ही लस चालते का, आणि भावाला आकडी आली होती म्हणून तिच्या बाबतीत काही वेगळे करावे लागते का?

दीपमाळ

चालते. वय उलटले म्हणून ही लस वाया जात नाही. दोन मात्रांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते, ती तारीख पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ज्या लसींच्या काही मात्रा आधी झाल्या असतील त्याही पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागत नाहीत, राहिल्या तिथून पुढे सुरू करता येतात.

भावाला आकडी आली होती हे टोचण्याआधी आवर्जून सांगा. त्यामुळे लस टाळावी लागत नाही, पण आठव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत ताप पाहत राहायचे हे आपल्याला आणि घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असेल. ताप चढला तर वजनानुसार पॅरासिटामॉल किती द्यायचे ते तिथेच विचारून कागदावर लिहून घ्या. आकडी आलीच तर तिला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थेट रुग्णालय गाठा. इतर लसींविषयीच्या शंका वेगळ्या धाग्यात मांडा, मी तिथे येईन.